स्पेसबार दाबला आणि पानं गेली

माझ्या जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पानं आहेत, शेकड्यांनी. वाकडी असतील ती फिरवायची, कडा कापायच्या, कोरी काढून टाकायची, एवढ्यासाठीच मी जावा स्विंगमध्ये (जावा भाषेत खिडक्या-बटणं बनवायचं साहित्य) एक छोटं ॲप लिहिलंय. वापरणारी मी एकटीच. सारखा माउसकडे हात न्यायचा कंटाळा, म्हणून बाणांनी कापायची चौकट सरकवायची, स्पेसबारने पुढचं पान, आर दाबला की पान फिरणार, असं ठरवलं. चित्र दाखवणाऱ्या भागाला, म्हणजे पॅनलला, कीलिसनर (दाबलेल्या कींवर कान ठेवणारा कोडचा तुकडा) जोडला आणि चाललं.

म्हणजे, चाललं असं वाटलं. परवा एक कोरं पान दिसलं, माउसने ‘काढून टाका’ बटणावर क्लिक केलं आणि सवयीने स्पेस, स्पेस, स्पेस करत निघाले. यादीवरचा आकडा 212 वरून 198 वर आलेला दिसला तेव्हा उजेड पडला: पानं पुढे जात नव्हती, नुसतीच जात होती! नशीब, ॲप मूळ फाइलींना हात लावत नाही.

कारण साधं आहे, पण मला ते दरवेळी नव्याने कळतं. दाबलेली की, म्हणजे कीबोर्डवरची कळ, ‘ॲपला’ मिळत नाही, माउस जिथे आहे तिथेही जात नाही. विंडोतल्या ज्या एका घटकाकडे (बटण, चौकट, पॅनल) त्या क्षणी फोकस, म्हणजे कीबोर्डचं लक्ष, असतो, त्याच्याकडे ती जाते. मी क्लिक केलं तसा फोकस बटणाकडे गेला, पॅनलचा लिसनर उपाशी राहिला. आणि स्विंगमध्ये फोकस असलेलं बटण स्पेसबारला आपलंच क्लिक समजतं.

मग कीलिसनर काढून की बाइंडिंग्ज लावली. इनपुटमॅपमध्ये कीला एक नाव द्यायचं, ॲक्शनमॅपमध्ये त्या नावापुढे काम लिहायचं. इनपुटमॅप तीन प्रकारचे: घटकाकडे स्वतः फोकस असताना, त्याच्या पोटातल्या कुणाकडे असताना, किंवा त्याच विंडोत कुठेही असताना. मी तिसरा घेतला. बाण सुधारले, पण स्पेसबार ढिम्म. अर्धा तास कपाळाला आठ्या. शेवटी उमगलं की आधी फोकसवाल्या घटकाला विचारलं जातं, मग त्याच्या वरच्यांना, आणि विंडोभरचा नंबर सगळ्यांत शेवटी. स्पेसबार बटणापाशीच गिळला जातोय म्हटल्यावर माझ्यापर्यंत येणार कसा?

बटणांचं सेटफोकसेबल फॉल्स केलं, म्हणजे त्यांना फोकस घेऊच दिला नाही, तर प्रश्न मिटतो, पण मग टॅबनेही बटणापर्यंत पोचता येत नाही. माउस नको म्हणून एवढा उपद्व्याप करायचा आणि बटणं माउसच्याच ताब्यात द्यायची, हे काही पटेना. हवी ती गोष्ट सेटरिक्वेस्टफोकसएनेबल्ड निघाली. ते फॉल्स केलं की क्लिकने बटण फोकस ओढून घेत नाही, टॅबने मात्र घेतं. चार बटणं, चार ओळी. टॅबने ‘काढून टाका’वर जाऊन मी स्पेस दाबला तर पान जाईलच, पण तेव्हा बटणाभोवतीची रेघ मला दिसत असते. तो गुन्हा माझा.

आरची गंमत वेगळीच. पानाला नाव द्यायच्या चौकटीत रोमन आर टाइप केला की अक्षरही उमटायचं आणि मागे पानही फिरायचं. की दाबली जाणं आणि अक्षर उमटणं या दोन वेगळ्या घटना. मजकुराची चौकट दुसरी स्वतःकडे ठेवते, पहिली सोडून देते, आणि माझं बाइंडिंग ती झेलायचं. बरं, बाइंडिंग उमटलेल्या अक्षरावर लावावं, तर मी बहुतेक वेळ इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरी टाइप करायची कीबोर्डची मांडणी) असते. तिथे आरच्या जागी दीर्घ वेलांटी आहे, म्हणजे पान फिरणारच नाही. कंट्रोल आर करून मोकळी झाले.

बाण धरून ठेवला की चौकट सलग सरकावी म्हणून दाबलेल्या कींचा एक संच आणि टायमर ठेवलाय. उजवा बाण धरून ऑल्ट टॅबने दुसऱ्या विंडोत गेले, बाण तिथे सुटला, माझ्या ॲपला त्याची खबरच नाही. परत येते तो चौकट कडेला जाऊन टेकलेली. विंडोचा फोकस गेला की संच रिकामा, असं केलंय.

लिनक्सवरचं राहिलंय. तिथे बाण नुसता धरून ठेवला तरी मध्ये मध्ये तो सुटल्याचा निरोप येतो आणि चौकट अडखळत चालते. सुटल्याचा निरोप आला तरी काही मिलिसेकंद थांबून मगच खरं मानायचं, असं करून बघणार आहे.