आर्या कोण?

गोव्यातल्या पेडण्याकडच्या गावातून आलेला मी. समुद्र पाहिलेला, पण बोटीवर पाय नव्हता ठेवला. झुवारी नदीकाठी, बार्ज म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटींच्या दुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर म्हणून लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्या दिवशी दुरुस्त केलेलं इंजिन क्रेनने बार्जच्या इंजिनरूममध्ये उतरवायचं होतं. देखरेख माझी. डेकच्या तोंडाशी मालवणकडचे एक म्हातारे खलाशी काका उभे राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करत होते आणि ओरडत होते, "आऱ्या... आऱ्या..." इंजिन खाली येतंय आणि हे कुण्या आर्याला हाका मारतायत! खाली कुणी पोरगा अडकला की काय, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. मी जिवाच्या आकांताने किंचाळलो, "थांबवा! आर्या, बाहेर हो!"

थांबा म्हटलं की, कुणीही म्हटलेलं असो, क्रेनवाल्याने थांबायचं असतं. तो थांबला. झटक्याने थांबला, त्यामुळे इंजिन झुललं आणि कडेला घासून पत्र्यावर हातभर ओरखडा आला. माणूस कुणालाच लागला नाही, हे नशीब.

काकांनी कपाळाला हात लावला. "सायबानू, आर्या कोणाचा नाव न्हय. खाली सोड म्हणान सांगतंय!"

तर तो शब्द 'आरिया'. खाली सोडायला आरिया, वर घ्यायला हाबेस. चहाच्या वेळी मी ओशाळून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांचे वडील मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर होते. शब्द तिथूनच घरात आलेले. दोर मोजायचा तर काका टेप काढत नाहीत, दोन्ही हात पसरतात : एक वाव. इंग्रजांचा फॅदम ६ फुटांचा, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही पसरलेले हातच, हे मी नंतर वाचलं. काकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "दोर इकत घेताना उंच माणूस धाडूचो," ते म्हणाले, "आणि इकताना बुटको." ते स्वतः बुटके.

सारंग, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा प्रमुख, हा शब्द मी परवान्यांच्या कागदांवर पाहिलेला, पण तो फारसीतल्या 'सरहंग'चा, म्हणजे सेनानायकाचा, वंशज आहे हे ठाऊक नव्हतं. जहाजाचा कप्तान तो नाखुदा, तोही फारसीच : नावेचा खुदा, म्हणजे धनी. दर्यावर्दींच्या शब्दांची ही खिचडी एवढी चालती होती की थॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८११ साली इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोशच कोलकात्यात छापला. हुकूम कळले नाहीत तर काय होतं, हे त्याला माझ्याइतकंच कळलं असणार.

आरियाचं कोडं मात्र घरी सुटलं. आमच्या घरमालकीण आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. गंमत म्हणून त्यांना सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "आरियार! शीड उतरवणं, बावटा उतरवणं." मग जरा थांबून, "१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगालचा बावटा उतरवला ना, तेच ते." बावटा उतरला, शब्द मात्र क्रेनखाली राहिला, आणि तोही मालवणी तोंडात.

दुसऱ्या दिवशी क्रेनजवळच्या हातखुणांच्या तक्त्याखाली मी पेनने लिहिलं : आरिया = खाली, हाबेस = वर. दुपारपर्यंत कुणीतरी त्याखाली खडूने भर घातली होती : आर्या = सायबाचो पोरगो.