आमची वाटचाल: नोट न छापणारा छापखाना

वडिलांनी सांगलीच्या गणपती पेठेत ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन, टाकली तेव्हा हळदीच्या व्यापारी पेढ्यांची बिलबुकं हेच आमचं मुख्य काम. पुढे ऑफसेट आलं, बरं चाललं. लिहायचंय ते नोटेच्या हँडबिलाबद्दल.

नोटाबंदीच्या आधीची दिवाळी. साड्यांच्या एका मोठ्या दुकानाला पाचशेच्या नोटेसारखं हँडबिल हवं होतं. गांधीजींच्या जागी शेठजींचा फोटो, बाकी रंग, आकार, नक्षी जशीच्या तशी. मी नाही म्हटलं. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४८९ ई होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १८२ आहे. नोटेशी कुठल्याही प्रकारे साम्य असलेला कागद छापणं, वापरणं, कुणाला देणं, सगळं त्यात येतं.

"दंड किती?" शेठजींनी विचारलं. शंभर रुपये. "मग भरतो की!"

समोरच्या छापखान्यानं दोन्ही बाजूंनी चकचकीत छापून दिलं. मारुती रोडभर नोटा उडत होत्या, एक पोलीस फिरकला नाही. दुकानाच्या पिशव्या, खोकी, कॅलेंडर सगळं तिकडे गेलं आणि त्यांच्या ओळखीची आणखी गिऱ्हाइकं गेली. मशीनचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, कटिंग मशीनला गिऱ्हाईक बघायला लागलो. कायदा पाळणाऱ्याला गावानं घाबरट म्हटलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त गुरुजी, आपल्याकडच्या शिवराईंचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा, कॅटलॉग छापायला घेऊन आले. हे कलम नोटांचं आहे. जुन्या नाण्याचा फोटो पुस्तकात छापायला त्याची आडकाठी नाही. धातूचे तुकडे पैसे म्हणून चालवायला पाडले, तर मात्र २०११ चा नाणी अधिनियम आहे. काम किचकट. तांब्याचा काळपटपणा ठेवायचा आणि 'श्री राजा शिव' वाचताही यायला हवं. गुरुजी भिंग लावून प्रूफ बघायचे. 'छत्र'मधला त्र शाईनं भरला की प्लेट पुन्हा. पैसे मात्र आगाऊ दिले, त्यावर हप्ते सुटले.

नव्या डिझायनर पोरांनो, नेटवर वाचून "नोट दीडपट मोठी केली की चालते" म्हणू नका. पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठी, तीही एकाच बाजूनं, ही सवलत अमेरिकेच्या कायद्यात आहे, आपल्या कलमात मापच नाही. स्कॅन केलेली नोट उघडायला फोटोशॉपसुद्धा नकार देतं, त्यातून तरी समजा. आणि गांधीजींचा फोटो जाहिरातीत वापरायला १९५० चा वेगळा कायदा आडवा येतो.

आता दंड तीनशेपर्यंत आहे. त्यात आर्ट पेपरचं एक रिमही येत नाही, म्हणून समोर अजून छापतात. आमच्याकडे तसा नमुना आला की मी काउंटरवरच कलम वाचून दाखवतो. गिऱ्हाईक जातं. जाऊ दे.