वास्कोच्या पुढचं स्टेशन

गोव्यात वास्कोला गाडी रिकामी होते, पण रूळ तिथे संपत नाहीत. ते पुढे मुरगाव बंदरात जातात. मुळात ही लाइन टाकली ती तिथल्याच मुरगाव हार्बर स्टेशनासाठी. आता तिथे फक्त मालगाड्या जातात, प्रवाशांना ते बंद.

1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ही मीटरगेज लाइन उभी राहिली आणि 1888 मध्ये घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला इंग्रजांच्या रेल्वेला मिळाली. दख्खनचा कापूस थेट बोटीवर चढवायचा, असा हिशेब होता. म्हणून शेवटचं स्टेशन वस्तीत नाही, धक्क्याला लागून. पूर्व आफ्रिकेच्या बोटीही इथे लागत. घाटाखालच्या कुळ्याला पोर्तुगीज कस्टम, कॅसलरॉकला इंग्रजांचं. 1955 मध्ये भारताने नाकेबंदी केली तेव्हा सरहद्दीपलीकडची वाहतूक थांबली, ती गोवा मुक्तीनंतरच सुरू झाली.

मुरगावचं नशीब ठरलं ते मात्र घाटात. कुळे ते कॅसलरॉक सुमारे 26 किलोमीटर, चढ 37 ला 1, म्हणजे किलोमीटरमागे 27 मीटर. सगळी इंजिनं पुढे लावली तर पहिल्याच डब्यांच्या कपलरवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, अख्ख्या गाडीची ओढ येते आणि तो तुटू शकतो. म्हणून मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, ढकलतात. उतारावर भीती ब्रेकची. त्यासाठी कॅच सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटून चढावर जाणारी आडवाट, असते. रूळ बदलणारा सांधा मुळातच तिच्याकडे लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे असं दिसलं, की मगच तो मुख्य लाइनकडे फिरवतात. सुटलेली गाडी त्या आडवाटेवर चढून थांबावी, एवढाच त्यामागचा विचार.

जुना हिशेब सोपा होता: भरलेले डबे उतारावर, रिकामे चढावर. आज बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, म्हणजे भरलेली मालगाडी चढावर! बँकरांची खरी गरज आता आहे.

1990 च्या दशकात गेज बदललं, 1000 मिलिमीटरचं 1676 झालं. स्टेशन बंद पडण्याचा दोष लोक सरसकट त्यालाच देतात. आम्हाला ते पटत नाही. प्रवासी बोटी गेल्यावर धक्क्यावर उतरून माणसाने जायचं कुठे? वास्को अलीकडेच आहे.

बंदराच्या हद्दीत परवान्याशिवाय सोडत नाहीत. बघायचंच असेल तर हेडलँड सड्यावर जा, खाली बंदर दिसतं.