तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी सोडवून मी थांबून का राहतो

हॉर्न वाजत नाही, एअरबॅगचा दिवा जात नाही. क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंग फिरत असतानाही हॉर्न आणि एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली रिबन, गेली आहे हे तुम्हाला ठाऊक असते, नवीही तुम्ही सोबत आणलेली असते. मग हमखास प्रश्न येतो: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तुम्ही नुसते थांबता, आणि त्याचीही मजुरी घेता?

होय, घेतो. बॅटरी तुटली तरी अपघातात बॅग फुगावी, म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये वीज मुद्दाम राखलेली असते. ती उतरायला किती थांबायचे हे गाडीचे मॅन्युअल सांगते. कुठे दीड मिनिट, कुठे त्याहून बरेच अधिक. बॅग सुमारे 30 मिलिसेकंदांत फुगते, आणि काम करताना तिच्यासमोर माझा चेहरा असतो.

1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यातल्या गाड्या आता वॉरंटी संपवून आमच्याकडे येतात. अशाच एका गाडीचे मालक म्हणाले, दिवा दुसरीकडे काढून घेतलाय, तुम्ही फक्त हॉर्न बघा. बॅग उतरवली तर तिचा पिवळा कनेक्टर सुटाच होता, आणि खालून येणाऱ्या वायरींना एक रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. युनिटला बॅगेइतका रोध मिळाला, बॅग जागेवर आहे असे त्याने मानले आणि दिवा विझला. क्लॉक स्प्रिंग नवी होती, पण चाके सरळ न करता, तिला मध्यावर धरून ठेवणारी पिन काढून, मध्य न साधताच बसवलेली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवताच आतली रिबन ताणून मुळाशी तुटली होती. मी ती उघडून दाखवली. मालक बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, ‘‘मुलगी रोज हीच गाडी घेऊन चाकणला जाते.’’ त्यावर काय बोलावे, मला सुचले नाही.

हे काम घरी करूच नये, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. पण ते रेझिस्टरचे काम घरी नव्हे, मजुरी घेणाऱ्या कारागिराने केले होते. मॅन्युअल वाचून थांबणारा, बॅग उताणी ठेवणारा, तिच्या टोकांना मल्टिमीटर न लावणारा घरचा माणूस त्याच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा, हे मला मान्य करावे लागते. तरीही ‘करा’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. कारण काम नीट झाले की नाही हे सांगणारा एकच दिवा आहे, आणि त्यालाही फसवता येते हे मी पाहिले आहे.