सुट्टीच्या दिवशी न दुखणारं पोट

शाळेची वेळ झाली की मुलाच्या पोटात दुखतं, अकराच्या सुमाराला थांबतं आणि सुट्टीच्या दिवशी पोटाचं नावही निघत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही आणि घरात निकाल लागतो: नाटकं आहेत. नाटकं नसतात. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, स्नायू आखडतात, दुखणं खरंखुरं असतं. त्याचं मूळ तेवढं पोटात नसतं. (तपासणी मात्र करून घ्यावीच. वजन घटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर 'मनाचं आहे' म्हणून सोडून देऊ नये.)

मग आईबाबा 'हे सुरू कशाने झालं' यात महिनोन्महिने अडकतात. माझ्या मते आधी शोधायचं ते वेगळंच: हे टिकून कशावर आहे?

सुरुवातीला बहुधा स्वभाव असतो. शंभरातली पंधरा-वीस मुलं तान्हेपणापासूनच नव्याला बिचकतात. तो आजार नव्हे, आणि त्यांतली बरीचशी पुढे नीट रुळतात. भीती स्वतःच्या अनुभवातून येते, तशीच दुसऱ्याला घाबरलेलं पाहून आणि नुसतं ऐकूनही येते. कुत्रा दिसताच आईने घट्ट धरलेला हात मुलाला पुरेसं सांगून जातो.

टिकते ती मात्र सुटकेमुळे. शाळेचं फाटक. मूल आईच्या कमरेला मिठी मारून रडतंय. आई म्हणते, "बरं, आज राहू दे." दोन मिनिटांत रडणं थांबतं. मूल शिकतं की आत धोका होता आणि पळाल्यामुळेच आपण वाचलो. आईही शिकते: घरी नेलं की रडणं थांबतं. त्रास थांबणं हेच दोघांचं बक्षीस, म्हणून उद्या मिठी आणखी घट्ट. "तू न्यायला येशील ना? नक्की?" या प्रश्नाला दहाव्यांदा दिलेलं उत्तरही हेच काम करतं. यात लाड किंवा कमकुवतपणा शोधू नये. प्रेमळ माणूस दुसरं काय करणार?

उपाय शिडीचा. १९२४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणून दाखवला. तत्त्व अजून तेच आहे. मुलाबरोबर बसून, सोप्यापासून अवघडापर्यंत, भीती वाटणाऱ्या प्रसंगांच्या आठ-दहा पायऱ्या लिहा, प्रत्येकीला शून्य ते दहा भीतीचे गुण द्या आणि तीन-चार गुणांच्या पायरीपासून सुरू करा. भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं, आणि तीच पायरी रोज. बोलायचं एकच वाक्य: "भीती वाटतेय हे कळतंय मला, आणि तुला जमेल." पहिल्या आठवड्यात रडणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे नजर चुकवून सटकणं. मग मूल पुढचा महिनाभर आईवर पहारा देतं. तिसरी, बाबांचे नियम वेगळे. आणि मोठ्या सुट्टीनंतर दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं तर ते अपयश नाही.

पण शिडी लावण्याआधी बघा की धोका खराच तर नाही ना. वर्गात कोणी छळत असेल, वाचता येत नसल्याने रोज हसं होत असेल, किंवा शाळेच्या संडासाला कडीच नसेल (हे कोणी विचारत नाही!), तर आधी ते सोडवायचं. घरात मारहाण असेल तर मूल शाळेला घाबरत नसतं. आपल्या मागे आईचं काय होईल, याला घाबरत असतं.

ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी अशा घरच्या सहा अडचणी मोजल्या: आईवडिलांमधली तीव्र भांडणं, गरिबी, मोठं कुटुंब आणि दाटीवाटी, वडिलांची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार, मुलाला घराबाहेर ठेवावं लागणं. एकटी अडचण असलेल्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण फारसं वाढलेलं दिसलं नाही. दोन एकत्र आल्या की ते सुमारे चौपट. म्हणून सगळं सुधारता येत नसलं तरी एक ओझं उतरवणंही फुकट जात नाही. आईच्या नैराश्यावर उपचार झाले की मुलाची लक्षणंही कमी होताना दिसतात.

विरहाची धास्ती, म्हणजे आईबाबांपासून दूर होण्याची भीती, चार आठवड्यांहून जास्त टिकली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. उदासीला दोन आठवडे पुरेत, आणि मुलांमध्ये ती रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसते, म्हणून 'उद्धट झालाय' यावर थांबू नका. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी जा आणि मुलाला सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही.