मुंबई टांकसाळीची 1918 ची गिन्नी आणि तिचे ग्रेडिंग : माझा अनुभव

आमच्या घरात आजेसासूबाईंपासून आलेल्या दोन गिन्न्या आहेत. दोन्ही 1918 सालच्या. एका बाजूस पंचम जॉर्ज यांचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज. अशा नाण्याला सोलापुरात 'आठ ग्रॅमची गिन्नी' एवढीच ओळख पुरते, आणि मोडीच्या हिशेबाला ती पुरेशीही आहे, कारण वजन 7.988 ग्रॅम, सोने 22 कॅरेट आणि त्यात शुद्ध सोने 7.32 ग्रॅम. मात्र भिंगाखाली पाहिल्यावर घोड्याच्या पायांखालील जमिनीच्या रेषेवर, सालाच्या अगदी वर, इंग्रजी 'आय' हे टांकसाळीची खूण असलेले बारीक अक्षर दिसते आणि तेथून या नाण्याचा इतिहास सुरू होतो. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोने नेणे धोक्याचे झाले, तेव्हा लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडण्यात आली. तेथे 1918 या एकाच सालाच्या सुमारे 13 लाख गिन्न्या पाडल्या गेल्या आणि 1919 मध्ये ती शाखा बंदही झाली. पुढच्या पिढीच्या हाती ही नाणी सोपवण्यापूर्वी ती खरी आहेत का आणि कोणत्या अवस्थेत आहेत, याची नोंद तटस्थ जाणकाराकडून करून घ्यावी, म्हणजेच नाण्याचा खरेपणा तपासून त्याच्या अवस्थेला अंक देणारे ग्रेडिंग करावे, असे आम्ही घरात ठरवले.

पहिली तपासणी येथेच केली. आमचे पिढीजात सराफ मंगळवार पेठेत आहेत. त्यांनी सवयीने कसोटीचा दगड पुढे ओढला, तेव्हा मी त्यांना नम्रपणे थांबवले. दागिन्याच्या बाबतीत कसोटी योग्यच आहे, परंतु दगडावर नाणे घासले की त्याच्या कडेवर कायमचा ओरखडा राहतो, आणि ग्रेडिंग करणाराची नजर सर्वात आधी अशाच खुणांकडे जाते. "काकू, निदान उजळून तरी देतो, किती मळकट दिसते आहे," असे ते आपुलकीने म्हणाले. त्यालाही मी नकार दिला. उजळणीत सोन्याचा अतिशय पातळ थर निघून जातो, त्याबरोबर टांकसाळीच्या ठशाने उमटलेली मूळ झळाळी जाते, आणि ती पुन्हा कोणालाही आणता येत नाही. शेवटी हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्रावर, नाण्याला ओरखडा न पाडता, शुद्धता पाहिली. ती 22 कॅरेटला जुळली आणि वजनही बरोबर भरले.

एवढ्यावर नाणे खरे ठरते, असा आपल्याकडे समज आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण गिन्नीच्या बाबतीत तो चुकीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मिलान आणि बेरूत येथे पूर्ण सोन्याच्या नकली गिन्न्या तयार होत होत्या. त्यांतील सोने अस्सल, ठसा मात्र बनावट. अशी गिन्नी तराजूवर आणि यंत्रावर सहज उत्तीर्ण होते. ती उघडी पडते अक्षरांच्या कडांवर, कडेच्या दातेरी रेघांवर आणि ठशातील बारकाव्यांवर. म्हणून अशी असंख्य नाणी हाताळलेला डोळा लागतो.

नाणे पाठवायचे कोठे, हा पुढचा प्रश्न होता. ग्रेडिंगसाठी जगात सर्वाधिक विश्वास असलेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही संस्था अमेरिकेतल्या आहेत. परंतु पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे किमान 100 वर्षे जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग हेतू केवळ तपासणीचा का असेना. आमच्या गिन्न्यांनी 2018 मध्येच ही मर्यादा ओलांडली आहे. त्यामुळे परदेशाचा विचार मी मुळातच सोडला आणि देशातच ग्रेडिंग करून देणाऱ्या एका संस्थेच्या मुंबईतील कार्यालयात नाणी स्वतः नेऊन देण्याचे ठरवले. सोन्याचे नाणे साध्या कुरिअरच्या पाकिटात घालणे मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नव्हते. नाणी जमवणाऱ्या एका परिचितांच्या सल्ल्याने प्रत्येक गिन्नी पीव्हीसी नसलेल्या, कडक पारदर्शक पाकिटात ठेवली. मऊ प्लॅस्टिकमधील पीव्हीसी काही काळाने नाण्यावर हिरवट चिकट थर सोडते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभरच्या प्रवासात पर्स मी उशाशी ठेवली होती.

कार्यालयात अर्ज भरून घेतला. त्यात नाण्याचा प्रकार, साल, टांकसाळ आणि आपण सांगितलेली किंमत लिहावी लागते. विमा आणि शुल्क दोन्ही त्या किमतीवर ठरत असल्याने ती खरीच लिहावी. माझ्यासमोर वजन करून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली आणि त्यांची प्रत पावतीला जोडली. दुसऱ्या गिन्नीला पूर्वी कधीतरी माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेली होती. कडी काढलेली असली तरी कडेवर डाखाची खूण स्पष्ट आहे. तेथील गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की, अशा नाण्याला अंक मिळत नाही. ते खरे असल्याचे आणि त्यावर दागिन्याची खूण असल्याचे तेवढे नमूद होते. तेवढ्यासाठी शुल्क भरण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती गिन्नी मी परत घेतली. घरच्या बायकांच्या गळ्यात राहिलेल्या नाण्याची खूण हा दोष मानला जावा, याचे मला वाईट वाटले. परंतु संग्राहकांच्या बाजारात मूळ पृष्ठभागाला किंमत आहे आणि तो नियम सर्वांना सारखाच आहे.

निकाल आला तो एयू-58, म्हणजे 'जवळजवळ न वापरलेले' या वर्गातले 58 अंक. ही 1 ते 70 अंकांची पद्धत 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. पुढे तीच सर्व नाण्यांना लागू झाली. 60 आणि त्यापुढचे अंक वापरात न झिजलेल्या नाण्यांचे असतात आणि 58 म्हणजे त्या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे. मला 61 किंवा 62 ची आशा होती. भिंग घेऊन बसले तेव्हा मात्र परीक्षकांचे म्हणणे पटले. मोकळ्या भागावरचे बारीक टोचे थैलीत नाणी एकमेकांवर आपटल्याने पडतात. ती झीज नव्हे. पण राजाच्या दाढीवर, भुवईवर आणि मागच्या बाजूस घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ठशाच्या सर्वात उंच भागांवर, झळाळी तुटून रंग किंचित मंद झाला आहे. ही हाताळणीची झीज आहे आणि अंक तिच्यामुळेच थांबला आहे.

मुंबईची गिन्नी एकाच सालाची असली तरी ती दुर्मीळ नाही, त्यामुळे या अंकाने किमतीत फार मोठी भर पडेल, असे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. शुल्क आणि प्रवासखर्च धरता केवळ विक्रीसाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही. नाणे खरे असल्याची लेखी ग्वाही हवी असेल, तर मात्र तो सार्थ आहे. गिन्नी आता सीलबंद पारदर्शक डबीत, क्रमांकासह, बँकेच्या लॉकरमध्ये आहे. तो क्रमांक, वजन आणि छायाचित्रे मी दोन्ही मुलांकडे लिहून दिली आहेत, आणि डबी फोडायची नाही हेही त्यात लिहिले आहे, कारण ती फोडली की प्रमाणपत्र रद्द होते.