आमची वाटचाल : वीस बाय पन्नासचा प्लॉट आणि गच्चीचं पाणी

आमच्या फर्मचं काम गच्चीवरच्या टाक्या आणि नळजोडणीपासून सुरू झालं. इंदूरच्या कडेची शेतं मोडून कॉलनी पडते तेव्हा आधी बोरिंग होतं, मग घर, आणि नर्मदेची लाइन सगळ्यांत शेवटी. नर्मदा शहरात आली १९७८ साली. पण नर्मदाकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून आणलेलं हे पाणी नव्या वस्तीत पोचेपर्यंत तिथली बोरिंग धापा टाकायला लागलेली असतात. टाकी बसवून झाली की गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: आता बोरिंगचं काय? गच्चीचं पाणी जमिनीत जिरवण्याचा आमचा धंदा त्या प्रश्नातून उभा राहिला.

हिशेब आम्ही आधीच सांगून टाकतो. प्लॉट २० बाय ५० फूट, त्यावर गच्ची साधारण ७०० चौरस फूट, म्हणजे ६५ चौरस मीटर. वर्षाला ९५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागला तर सुमारे ५०,००० लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच जणांना हे जेमतेम अडीच महिने पुरेल. वर दोन मजले चढवून भाडेकरू ठेवले की कुटुंबामागे पंचवीस दिवस! शहर वर वाढतं, गच्ची तेवढीच राहते. त्यामुळे ‘टँकर कायमचा बंद’ असं आम्ही कोणाला सांगत नाही. बोरिंग उन्हाळ्यात थोडं जास्त तग धरेल, एवढंच. तेही शेजारच्या चार घरांनी केलं तर. जमिनीखाली प्लॉटची हद्द नसते.

मध्य प्रदेशात पाणी जिरवण्याची सोय बंधनकारक आहे ती १४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटला. वीस बाय पन्नासचा प्लॉट भरतो ९३. म्हणजे सर्वांत दाट वस्ती नेमकी नियमाबाहेर.

सुरुवातीला आम्ही सगळीकडे एकच नकाशा वापरला: ४ बाय ४ फूट, ८ फूट खोल खड्डा, तळाला दगड, वर खडी, सगळ्यांत वर जाड वाळू. काही ठिकाणी पाणी जिरलं, काही ठिकाणी खड्डा डबकं होऊन बसला. चूक जमीन न बघण्याची होती. माळव्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. आता खड्डा मुरूम लागेपर्यंत नेतो आणि मातीच्या थराएवढ्या उंचीला सिमेंटच्या रिंगा घालतो, म्हणजे पाणी पायाकडे न सरकता खालीच उतरतं. मुरूम लागला नाही तर खड्डा करत नाही.

दुसरा गैरसमज, खड्डा म्हणजे टाकी. ८ फुटी खड्ड्याचं माप ३,६०० लिटर, पण दगड-खडी भरल्यावर पोकळी उरते तिसरा हिस्सा, १,२०० लिटर. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर गच्चीवरून ३,००० लिटर येतात. मुरूम पीत नसेल तर खड्डा पंचवीस मिनिटांत काठोकाठ. म्हणून ओव्हरफ्लो हवाच, आणि तो ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कधीही सोडायचा नाही. जोराच्या पावसात चेंबर तुंबतो आणि तीच घाण उलटी खड्ड्यात येते. तोंड रस्त्याच्या पातळीच्या वर ठेवायचं, शिवाय पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

सरळ बोरिंगमध्ये पाणी सोडायचं तर फक्त गच्चीचं, तेही फिल्टरमधून. अंगणातलं, गाडी धुतलेलं नाही. आधी ५,००० लिटरचा टँकर फिल्टरमार्गे बोरिंगमध्ये ओततो. दीड तासात निमूट उतरला तर ठीक; पाणी केसिंगच्या, म्हणजे बोरिंगमधल्या पाइपाच्या, तोंडाशी आलं तर खडकातल्या भेगा बुजलेल्या आहेत, तिथे खड्डाच करावा लागतो. केसिंगभोवतीची फट सिमेंटने बंद करणं गवंडी हमखास विसरतात, आणि मग वरचा गढूळ ओघळ थेट आत.

सगळ्यांत अवघड घरं ड्रेनेज न पोचलेल्या कॉलन्यांतली. समोरच्या दहा फुटांत सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि बोरिंग तिन्ही असतात. तिथे पाऊस जिरवला तर मैलापाणीही त्याच्याबरोबर खाली ढकललं जातं. अशी कामं आम्ही सोडतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे. त्याऐवजी २,००० लिटरची टाकी जोडून देतो, पावसाळ्यात तेवढंच धुण्या-पुसण्याला.

आता निम्मी कमाई देखभालीची आहे, आणि खरं काम तेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्ची झाडायची, जाळीतला कचरा काढायचा, वाळूचा वरचा चार इंच थर खरवडून नवा टाकायचा. मोसमाची पहिली सर बाहेर जाऊ द्यायची, कारण तिच्यात आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. त्यासाठी गच्चीवरून येणाऱ्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. दुसऱ्या सरीआधी तो फिरवायचा असतो आणि घरोघर नेमकं तेच राहून जातं, म्हणून व्हॉल्व्हवर लाल रंग देऊन चावी त्याच पाइपाला तारेने बांधून ठेवतो.